दुसरी रीत होती

सन १९९८. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. तुझं वय नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. कल्याणच्या डॉक्टरने विचारलं तेव्हा मी अंदाजाने चाळीस सांगितलं आणि तू पदराआडून पुटपुटलीस, "आन सुमन काय पाळण्यात आसताना झाली मला?" डॉक्टर हसला. त्या दवाखान्यात त्या दिवशी हसण्यासारखं तेवढंच झालं.

भागे, तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. लोक येतात, ओटीवर बसतात, सोन्यासारखी बाई होती म्हणतात. मी मान हलवतो. कुणी म्हणतं, "आण्णा, तुमी लय केलंत तिच्यासाटी. कल्यान काय, मुंबई काय, पायाला भिंगरी लावलीत." त्यालाही मी मान हलवतो. तिथेच ती मान जड होते. कारण मी काय केलं ते मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक नाही. की होतं? हेच मला आता कळायचं नाही.

मी तिसरी शिकलेला. सही येते, पेपर वाचता येतो, लिहितोय ते पेपरातल्यासारखंच, पण एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं. शब्द मात्र एकही बदलू दिला नाही. जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुझी छाती काढली, ती न काढायची पण एक रीत होती. मला ती सांगितली होती. मी ती तुझ्यापर्यंत पोचू दिली नाही.

आठव. राब भाजायचे दिवस होते. पावसाळ्यात भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर तू जाळण्यासाठी शेण आणि पातेरा पसरत होतीस. टोपली काखेला लावलीस आणि मध्येच उभी राहिलीस. "हितं सुपारीयेवडं कायतरी लागतंय," म्हणालीस. मी म्हणालो, उसण असेल, उतरेल. महिनाभर मी तेच म्हणत राहिलो. शेवटी सुमन आसनगावहून आली, तिने तुला आत नेऊन बघितलं आणि बाहेर येऊन माझ्याशी भांडली. लेक बापाशी एवढ्या मोठ्याने बोलते हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

कल्याणच्या डॉक्टरने तपासलं, सुई घातली, आठ दिवसांनी बोलावून कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. साधा सरळ माणूस. म्हणाला, "सगळं काढून टाकू. दहा दिवसांत घरी जाल. मग पाच वर्षं रोज एक गोळी." मला तो माणूस आवडला. सरळ बोलला म्हणून आवडला. पण सुमन ऐकेना. तिचं म्हणणं, एकदा मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवू, मग काय ते करू. जावई सुट्टी टाकून बरोबर आले.

तिथे तुला मशीनखाली फोटो काढायला आत नेलं. सुमन तुझ्याबरोबर गेली. जावई केसपेपरच्या रांगेत. मी एकटा बाकावर बसलेला, तेवढ्यात एका डॉक्टरीणबाईने मला आत बोलावलं. वयाने आपल्या सुमनएवढी. मला खुर्ची दिली. तिचा शब्द न् शब्द मला पाठ आहे, नऊ वर्षं पाठ आहे.

ती म्हणाली, "बाबा, गाठ लहान आहे. लवकर सापडली. आमच्याकडे अशा बाईला आम्ही दोन रीती सांगतो. एक, सगळं काढायचं. दुसरी, गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढायचा, काखेतल्या गाठी काढायच्या आणि छाती ठेवायची. पण ठेवली तर नंतर किरणांचा शेक घ्यावा लागतो. सहा आठवडे, रविवार सोडून रोज."

मी विचारलं, "आन मग कल्यानचा डाक्टर सगळं काढायचं का म्हनतो? तो चुकीचा?"

"चुकीचा नाही. त्यांच्याकडे शेकाचं मशीन नाही. तिथे पेशंटला ते एवढ्या लांब रोज कुठे पाठवणार? म्हणून ते सगळं काढतात. दोन्ही रीतींत आयुष्याला फरक पडत नाही."

हे माझ्या डोक्यात शिरेना. अर्धं काढा नाहीतर सगळं काढा, आयुष्य तेवढंच? मी तिला म्हणालो, "बाई, मी शेतकरी हाय. लव्हाळा उपटताना एक गाठ मातीत ऱ्हायली तर पुडल्या साली अख्खं शेत भरतं. मला नका शिकवू." मनात म्हणालो, यांच्याकडे मशीन आहे म्हणून यांना गिऱ्हाईक पाहिजे.

ती रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही आज ठरवू नका. घरी जा. ताईंना विचारा. त्यांचं अंग आहे."

त्यांचं अंग आहे. हे असं कुणी बोलतं का, असं मला तेव्हा वाटलं.

तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा एवढासा झाला होता. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर आपण चहा घेतला. तू बशीत ओतून घेतलास, फुंकर मारलीस आणि विचारलंस, "काय म्हनली ती बाई?"

मी म्हणालो, "तेच. सगळं काढायचं. मग हितं कशाला? कल्यान बरं, जवळ पडतं."

तू म्हणालीस, "बरं."

तुझं ते "बरं" मी आयुष्यभर ऐकलं. घराचं दार पूर्वेला करू म्हणालो तेव्हा बरं. सुमनला आसनगावला देऊ म्हणालो तेव्हा बरं. मला वाटायचं, बायकोचं बरं म्हणजे बरं. कल्याणला कागदावर मी ऐटीत सही केली, तुझा अंगठा घेतला. शाई पुसायला तू माझ्याच धोतराचा सोगा ओढलास. नर्स बघत होती म्हणून मी हात झटकला तुझा.

घरी आलीस तेव्हा वाकून चालायचीस. एक खांदा वर, एक खाली. डोक्यावर हंडा घेतला की तोल जायचा, कारण अंगाचा एका बाजूचा भार गेला होता. मला कळलं नव्हतं, तुला कळलं. चोळीत आधी कापूस भरलास, तो वर सरकायचा. मग जुन्या पातळाच्या तुकड्याची पिशवी शिवलीस आणि तिच्यात वरी भरलीस, माळावरची, न सडलेली, टरफलासकट. बरोबर वजनाची. कुणाला सांगितलं नाहीस. मी एकदा खुंटीवर टांगलेली बघितली आणि बियाणं समजून माळ्यावर ठेवायला निघालो. "आवो, ठेवा ती! माजी हाय ती!" असं ओरडलीस की शेजारीण डोकावली.

आणि तो लावणीचा पाऊस. चार दिवस चिखलात भिजून काम केलंस. मी नको म्हणत होतो, तू ऐकली नाहीस, तो हट्ट तुझा, माझ्यापेक्षा काही कमी नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी चुलीपुढून हाक मारलीस, "आवो, हिकडं या. पीक आलंय." पिशवी उलटी केलीस तर वरीला मोड आलेले. पांढरे, नखाएवढे. तू हसायला लागलीस. डोळे पुसलेस, परत हसलीस, दम लागेपर्यंत. "बगा, कापलं तरी उगवतं," म्हणालीस. मी म्हणालो, "येडी झालीस का?" आणि बाहेर गेलो. तू ते मोड कोंबड्यांपुढे टाकलेस आणि नवी वरी भरलीस.

तुझ्याबरोबर तेव्हा हसलो असतो तर काय गेलं असतं माझं?

दुसऱ्या वर्षी डावा हात सुजला. काखेतलं काढलं की असं होतं म्हणाले. कासार बांगड्या भरायला आला तर उजव्या हाताला अडीचच्या आणि डाव्याला पावणेतीनच्या. तो म्हणाला, "वयनी, एक हात माहेरचा आन एक सासरचा का वो?" तू त्याला म्हणालीस, "सासरचा सुजलेला." हे तू मला ऐकवलंस की त्याला, कुणास ठाऊक.

आता मालनची गोष्ट. तुझ्या माहेरी टोकावड्याला भावाच्या मुलाचं लग्न होतं. मालन तुझी लहानपणची मैत्रीण, तिलाही तोच आजार झाल्याचं तिथे कळलं. तिचा भाऊ मुंबईत नोकरीला, त्याने तिला तिकडच्याच मोठ्या हॉस्पिटलात नेलेलं. तुम्ही दोघी आतल्या खोलीत बसला होतात, मी कुडाच्या भिंतीअलीकडे. कुडाला कान नसतात असं तुम्हाला वाटत होतं.

"तुजी कुटली गो, भागे?"

"डावी."

"माजी उजवी. बग. आगो लाजतेस काय, हात लाव."

मग बांगड्या वाजल्या.

"आगो, ही तर हाये!"

"हाये नाय तर काय! गाठ तेवडी काडली. मग सा हप्ते लायट घेतली. कातडी काळी पडलीवती वांग्यासारकी, आता बरी हाय. आमचा म्हातारा म्हनतो, काळ्या बाजूला मी झोपनार नाय." आणि मालन खदखदून हसली.

तू हसली नाहीस. "मला तर म्हनले ऱ्हायचीच नाय."

"कोन म्हनलं? डाक्टर?"

मी अलीकडे श्वास धरून बसलो होतो. मग तू म्हणालीस, "डाक्टरच म्हनले आसतील."

मुरबाडपर्यंत एसटीत तू खिडकीला, मी तुझ्या शेजारी. तिथे गाडी बदलली. घरी आलो, तू भात टाकलास, मला वाढलंस आणि समोर बसून विचारलंस.

"आवो, मुंबैच्या त्या बाईनं तुमाला आत बोलावलंवतं ना, मी फोटूला गेलीवती तवा. काय सांगितलंवतं?"

"सांगितलं की तवाच. सगळं काडायचं."

"मग मालनला—"

"मालनचा आजार येगळा, तुजा येगळा. तू काय डाक्टर झालीस?"

तू खाली बघून म्हणालीस, "डाक्टर नाय झाली. पन राब भाजते ना मी? भुईचा तुकडा काय आपन खनून फेकून देत नाय. वर जाळ करतो, आतलं तणाचं बी मरतं, भुई ऱ्हाते. तसंच आसंल ते लायटीचं. मला कुनी सांगितलं आसतं तर समजलं आसतं."

मी ताटावरून उठलो. ताट तसंच सोडून गोठ्यात जाऊन उभा राहिलो. शेतकरी मी, लव्हाळा मला आठवला. आणि जन्मभर तुझ्याबरोबर भाजलेला राब आठवला नाही. तुला एका संध्याकाळी जे उमगलं ते त्या डॉक्टरीणबाईला मला खुर्चीवर बसवून शिकवता आलं नव्हतं.

त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस. तू कधी काही विसरलीस का?

आता खरं. लव्हाळ्याचं मी बाईला सांगितलं, स्वतःलाही वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पण ते पुरतं खरं नाही. तिने शेवटी मला विचारलं होतं, "सहा आठवडे रोज यायचं तर जवळ राहायला कुणी आहे का?" आणि मी म्हणालो होतो, "कोनी नाय." आसनगावला सुमन होती. दोन खोल्या, पण होत्या. जावई तिथून रोज मुंबईला जायचे, तुला बरोबर नेलं असतं, आणलं असतं. सुमनने जीव टाकला असता. पण आपल्यात बाप लेकीच्या घरी पाणी पीत नाही. माझ्या बापाने पाळलं, मी पाळलं. सुमनच्या दारात बसलो तरी खिशातून आणलेले चणे खायचो. आणि मग सहा आठवडे तिथे राहायचं? जावयाच्या गादीवर झोपायचं, त्यांचं मीठ खायचं, गावात विचारतील तेव्हा काय सांगायचं? तुला एकटीला ठेवता आलं असतं. तू तर त्यांच्याकडे चोरून जेवून यायचीस, तोंडाला सांडग्याचा वास यायचा, मला कळत होतं. पण बायको लेकीच्या दारी आणि नवरा घरी, हे पण मला खपेना.

ते कारण होतं. तुझ्या अंगाचा तुकडा मी माझ्या पाण्याच्या घोटासाठी दिला. सुमन हे वाचेल. वाचू दे.

गेल्या साली तुझी पाठ धरली. आपण समजलो कापणीने धरली. फोटोत दिसलं, ते हाडात उतरलं होतं. कल्याणला आता नवीन तरुण डॉक्टर होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं काडलंवतं ना? मग आलं कुटनं?"

तो म्हणाला, "काका, ते पहिल्यापासूनच रक्तातून कुठेतरी जाऊन बसलेलं असतं. छाती ठेवली असती तरी हे असंच झालं असतं."

"आन ठेवून शेक घेतला आसता तर?"

"तरी."

म्हणजे मी तुला मारलं नाही. हे ऐकून हलकं वाटायला पाहिजे होतं. पण त्यातच आलं की मी तुला वाचवलं पण नाही. नऊ वर्षं मी छाती पुढे काढून फिरत होतो की मी मुळासकट काढलं म्हणून ही हिंडतेफिरते. ती नऊ वर्षं तुला दोन्हीकडून मिळायचीच होती. पिशवी न शिवता मिळाली असती.

शेवटच्या महिन्यात तुला अंथरुणावरून उठवत नव्हतं. मी न्हाऊ घालायचो. पन्नाशीत कधी मी ती जागा बघितली नव्हती, दिवा नसायचा, आणि असला तरी तू पदर सोडत नव्हतीस. सत्तरीला टेकल्यावर बघितली. सपाट, आडवा वण, चिखलावरून दोर ओढल्यासारखा. माझा हात थांबला. तू म्हणालीस, "पानी गार होतंय." एवढंच. तेव्हा सांगायला हवं होतं. तांब्या हातात होता, तू समोर होतीस, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी पाणी ओतलं.

तुझं काय काय माझ्याकडे राहिलं आहे ते मी सांगत बसत नाही. तू मला जेवायला वाढून मगच भांडायचीस, उपाशी माणसाशी कधी भांडली नाहीस. आजारात सुद्धा. माझ्यासारख्या माणसाबरोबर एवढी वर्षं काढलीस आणि कासाराला, मोड आलेल्या वरीला बघून हसत राहिलीस. ते हसणं कुठून आणायचीस ते विचारायचं राहिलं.

तुझं बारावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा रमेश आला. बायको मागे, अंगणात उभी. ज्योती, तुला आवडायची ती, तिशीचीच आहे अजून. रमेश म्हणाला, "आण्णा, हिला गाठ निगाली. तीच. एक डाक्टर म्हनतो सगळं काडा, दुसरा म्हनतो गाठ तेवडी काडू. डोकं चालत नाय. तुमी केलंय ना सगळं, तुमी सांगा."

तुला ठाऊक आहे, या नऊ वर्षांत असे तिघे आले माझ्याकडे. तिघांनाही मी ओटीवर बसवून एकच सांगितलं आणि तुला पाणी आणायला लावलं, तू कशी हिंडतेस ते त्यांनी बघावं म्हणून. रमेशलाही मी तेच सांगितलं. सवयीने तोंडातून गेलं. "सगळं काडून टाक रे. नसती भानगड ठेवू नको." तो सुटल्यासारखा झाला. "बरं आण्णा," म्हणाला. मागून ज्योती पण म्हणाली, "बरं."

दोघं गेले. मी तिथेच बसून राहिलो. तिचं ते बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं आणि रमेशच्या घरी गेलो. तो दूध काढत होता. "आण्णा, बसा, च्या ठेवतो," म्हणाला.

"तुज्याकडं नाय आलो. हिच्याकडं आलोय."

ज्योती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी दारातच खाली बसलो. म्हणालो, "पोरी, काल मी बोललो ते खोटं धर. दोन रीती आसतात." मग त्या डॉक्टरीणबाईने मला सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. गाठ लहान असली तर काय, शेक कसा, सहा आठवडे कसे, एका दवाखान्यात मशीन असतं आणि दुसऱ्यात नसतं म्हणून सल्ला कसा बदलतो, आणि आयुष्य दोन्हीकडे तेवढंच. "तुला कोनती चालंल ते मला ठाव नाय. तपासनारा सांगंल. पन आत तू जा. रमेशला बाकावर बसव. तुज्या कानानं आयक आन तुज्या तोंडानं इचार."

रमेश हातात चरवी घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ज्योतीने पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं.

"आण्णा, काकूंना सांगितलंवतं का वो कुनी आसं?"

"मला सांगितलंवतं," मी म्हणालो. "मी तिला नाय सांगितलं."